गोदाक्काचं न्हाणीघर

“मगदूम?” अजिंक्य सरनोबतने त्याच्या सायबर कॅफेत स्पर्धेच्या नोंदणीतलं नाव स्क्रीनवर वाचून मान वर केली. “श्रेणिकची कोण तू?”

“धाकटी बहीण.”

“अस्सं होय!” तो खुर्चीत मागे रेलला. “कुठं असतोय तो सध्या?”

“बेंगळुरूला.”

“खेळतोय का नाही मग?”

“नाही. सोडलं त्यानं.”

“चांगला हात होता लेकाचा,” सरनोबत म्हणाला. त्याच्या मागच्या टेबलावर त्याच्या टीममधले दोघे बसले होते. त्यातला सुकुमार मॉनिटरवरची नजर न काढता फसकन हसला. सरनोबत मागे वळला नाही, माझ्याकडेच बघत राहिला. मी हे कसं घेते, ते त्याला बघायचं होतं.

“टीमचं नाव मराठीत चालेल का?” मी विचारलं.

“चालतंय की. काय लिहू?”

“हळदीकुंकू.”

आता तोही हसला, मनापासून. सांगलीत ‘ब्लॅक रॅम्पार्ट’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या आणि टीमची कॅप्टन त्यातली एकही नव्हती. “लिहितो. वाण काय देणार, ते सांगा म्हणजे झालं.”

“तेवढं सरप्राइज ठेवू,” मी म्हणाले.

माझ्याबरोबर तौफिक मुजावर आला होता. मिरजेचा, माझ्याच कॉलेजातला, आमच्या टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू आणि सगळ्यात लवकर भडकणारा. सरनोबतने त्याच्याकडे मान वळवली. “गेटवर खाती आहेत ना सगळ्यांची? खऱ्या नावानं? टोपणनावाचं खातं स्पर्धेला चालत नाही.”

“माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे, हे त्या गेटला कशाला पाहिजे ओ?” तौफिक म्हणाला.

“का? काय लपवून ठेवलायस?”

मागचे दोघे पुन्हा हसले.

“लपवायचा प्रश्न नाही. मी दुकानातनं सीडी विकत आणली. घरात बसून खेळतो. मधी हे गेट कोण?”

“भावा, चोऱ्या करून खेळणारे पकडायचे का नाही? मग तपासायला नको? ज्याच्या पोटात काही नाही, त्यानं कशाला भ्यायचं?”

“मला चालतंय,” मी म्हणाले. “कुठं क्लिक करायचं ते सांगा.”

तौफिक माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर आल्यावर त्याने गाडीला किक मारायच्या आधी तोंड उघडलं. “तुझं डोकं फिरलंय का, पद्मजा? काल तूच म्हणत होतीस, ते गेट म्हणजे आपल्या हातानं घरात घेतलेला चोर.”

“काल म्हणाले. आज मला फायनल खेळायचीये.”

“तुला कप पाहिजे? तुला?”

“गाडी काढ,” मी म्हणाले.

हे सगळं आता जुनं झालं. त्या खेळाचा सर्व्हर कंपनीने केव्हाच बंद केला, आणि विश्रामबागेत सरनोबतचा कॅफे होता तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. पण तेव्हा आमच्या भागात रॅम्पार्ट खेळणारी चार-पाचशे पोरं तरी असतील. आधी हा खेळ सीडी घातली की चालू व्हायचा. मग कंपनीने ‘गेटहाउस’ नावाचा प्रोग्राम काढला आणि तो उघडल्याशिवाय खेळ उघडेना. आम्ही त्याला नुसतं गेट म्हणायचो. गेटला खरं नाव लागायचं, फोन नंबर लागायचा, इंटरनेट सतत चालू लागायचं. आणि एखाद्या खेळाडूची कुणी तक्रार केली, की गेट खेळ चालू असतानाच गुपचूप त्याच्या स्क्रीनचा फोटो काढायचं आणि तपासायला पाठवायचं.

तपासणारे कंपनीचे नोकर नव्हते. कंपनीने खेळाडूंमधूनच भागाभागाला पंच नेमले होते. त्यांना पगार नव्हता, नावापुढे एक सोनेरी ढाल मिळायची. सांगली-कोल्हापूरची ढाल सरनोबतकडे होती.

फोटो फक्त खेळाचा जातो, असं कंपनी सांगायची. पूर्ण स्क्रीनवर खेळणाऱ्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. पण आमच्यातले निम्मे जण खेळ खिडकीत ठेवून खेळायचे, म्हणजे शेजारी चॅट, गाणी, कॉलेजचं काम असं काहीही उघडं ठेवता येतं. माझा भाऊ श्रेणिक तसाच खेळायचा. त्याच्या स्क्रीनवर डावीकडे रॅम्पार्ट असायचा आणि उजवीकडे बसू.

बसू, म्हणजे बसवराज, हुबळीचा. दादाला तो खेळातच भेटला. आदल्या दिवाळीत चार दिवस आमच्याकडे राहूनही गेला होता. आईने त्याला करंज्या बांधून दिल्या होत्या. ते दोघे एकमेकांचे कोण होते, हे घरात मला एकटीला माहीत होतं.

एक दिवस आमच्या रॅम्पार्टवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दोघांच्या चॅटचा फोटो आला. कुठल्या तरी अनोळखी नंबरने टाकला आणि तो नंबर लगेच बंद झाला. त्यात वाईटसाईट काही नव्हतं. “जेवलास का,” “तू गेल्यापासून हे गाव नको वाटतं,” अशी वाक्यं होती. दोघांच्या नावांकडे बघितलं की मात्र ग्रुपवरच्या पोरांना हसायला तेवढं पुरत होतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो खेळाशी संबंध नसलेल्या माणसांकडेही पोचला. मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथे एका गिऱ्हाइकाने अण्णांना मोबाइल पुढे करून विचारलं, “हे तुमच्या थोरल्याचंच ना ओ?”

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत सगळे एकत्र जेवतात. त्या दिवसापासून अण्णा दुकानातच जेवून यायला लागले. दादाला ते एक शब्द बोलले नाहीत. आई त्याच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि आत जाऊन बसायची. महिन्याच्या आत दादाने बेंगळुरूला नोकरी धरली आणि बॅग भरली. जाताना मला एवढंच म्हणाला, “बसूनं टाकलं. दिवाळीत त्यानं माझा कॉम्प्युटर वापरलेला. दुसऱ्या कुणाकडं हे असणारच नाही.” त्याने बसूला काहीही विचारलं नाही. नंबर ब्लॉक केला आणि विषय संपवला.

मी तो फोटो पुसला नव्हता. सगळे चॅट वाचत होते. मी फोटोच्या कडा बघितल्या. डाव्या कडेला, कापताना चुकून राहिलेली, बोटाच्या नखाएवढी एक राखाडी पट्टी होती. रॅम्पार्टच्या खिडकीची कड. म्हणजे फोटो काढला तेव्हा दादा खेळत होता. खेळ चालू असताना त्याच्या स्क्रीनचा फोटो काढू शकणारं एकच होतं. आणि तो फोटो एकाच माणसाकडे जात होता.

मी दादाला फोन करून हे सांगितलं.

“पट्टीवरनं कुणाला फाशी देतात का, पद्मे?” तो म्हणाला. “कंपनी म्हणतेय फक्त खेळाचा फोटो जातो. सरनोबत म्हणणार, मी बघितलंच नाही. पुरावा आहे तुझ्याकडं?”

“नाही.”

“मग परत हा विषय काढायचा नाही. मला काम आहे.”

त्यानंतर तो दिवाळीला आला नाही, पर्युषणाला आला नाही. फोनवर आईच्या गुडघ्यांचं विचारायचा, पावसापाण्याचं विचारायचा. मी एकदा “बसू” एवढंच म्हणाले तर फोन कट झाला.

मला पुरावा हवा होता. सरनोबतला एकट्याला गाठून काही उपयोग नव्हता. तो हसून हात झटकणार. मला त्याच्या तोंडून हवं होतं, त्याच्या आवाजात. आणि ज्यांनी तो फोटो पुढे ढकलला, त्या सगळ्यांच्या समोर.

दादा गेल्यावर मी त्याच्याच खुर्चीत बसून रॅम्पार्ट शिकले.

खेळ साधा आहे. एक किल्ला. एक टीम निशाण लपवते आणि राखते, दुसरी टीम वेळेच्या आत ते शोधते. पाच विरुद्ध पाच. निशाण कुठे आहे हे आधीच कळलं तर शोधणाऱ्यांना शोधायचं काही उरतच नाही. किल्ल्यातल्या जागांना खेळात इंग्रजी नावं आहेत, पण ती कुणी वापरत नसे. गोळीबारात तोंडातून पटकन निघेल असं नाव प्रत्येक टीम स्वतःच ठेवायची. उत्तरेच्या जिन्याला आम्ही ‘मिरज जंक्शन’ म्हणायचो, कारण तिथे सगळे एकमेकांना अडकायचे. दुसऱ्या टीमला ‘मिरज जंक्शन’ सांगून काही कळलं नसतं. नावं म्हणजे टीमची घरगुती भाषा. दुसऱ्याच्या घरातली भाषा आपल्या तोंडात आली, तर ती कुठून आली हे सांगावं लागतं.

मला हवा असलेला पुरावा तिथे होता.

फायनल स्टेशन रोडच्या एका मंगल कार्यालयात व्हायची. आयोजकांनी आदल्या वर्षापासून निवेदनाला जोतिराम खोत यांना आणायला सुरुवात केली होती. जोतिरामतात्या जत्रेतल्या कुस्त्यांचे निवेदक, पंचक्रोशीत गाजलेला आवाज. खेळातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण हॉल त्यांच्यामुळेच भरायचा. त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. कॅप्टन आपल्या टीमशी काय बोलतो ते हॉलमध्ये स्पीकरवर ऐकू आलं पाहिजे. “पैलवानाचा दम ऐकू आल्याशिवाय मी बोलू कशावर?” खेळाडूंच्या कानावर जाड हेडफोन असत, त्यामुळे समोरच्या टीमला ते ऐकू जायचं नाही. दुसरी अट म्हणजे लढत संपली की हरलेल्यालाही माईकवर बोलवायचं. आखाड्यात हरलेल्याचाही मान असतो, म्हणून.

सेमीफायनल जिंकल्यावर मी तौफिकला घरी बोलावलं.

“मी खेळत असताना तू तुझ्या खात्यावरनं माझी तक्रार कर,” मी म्हणाले.

“कसली?”

“मी चोरी करून खेळतेय म्हणून. आज एकदा, आणि उद्या एकदा. तक्रार कुणाची ते पंचाला दिसत नाही.”

“तुला बाद करून घ्यायचंय का?”

“बाद करायला फोटोत काहीतरी सापडावं लागतं. माझ्या खेळात काही नाही.”

“मग कशाला?”

“तौफिक, मला एक गोष्ट न विचारता करशील का?”

तो ग्रुप त्याच्याही मोबाइलमध्ये होता. “श्रेणिकभाईसाठी?” त्याने विचारलं. त्याने मोबाइल काढून गेटचं तक्रारीचं पान उघडलं.

त्या दिवशी मी खेळ खिडकीत ठेवला आणि शेजारी किल्ल्याचा नकाशा उघडून ठेवला. त्यावर लिहिलं होतं: फायनल, पहिली फेरी, निशाण कोठारात, मागच्या पोत्यांआड. दुसऱ्या दिवशी नकाशा तोच, मजकूर वेगळा. शेवटची फेरी, निशाण गोदाक्काच्या न्हाणीघरात. नकाशावर चुन्याच्या भट्टीभोवती लाल गोल केला आणि त्यावर ठसठशीत लिहिलं, ‘न्हाणीघर’. ती भट्टी किल्ल्याच्या पार कोपऱ्यात होती. तिला मागे वाट नव्हती, त्यामुळे तिथे निशाण लपवायचा वेडेपणा कुणी करत नसे. गोदाक्का माझी आजेआत्या. हे नाव मी कुणापुढे उच्चारलं नाही. टीमपुढे नाही, तौफिकपुढेही नाही. जगात ते एकाच ठिकाणी होतं, माझ्या खोलीतल्या स्क्रीनवर.

दोन्ही दिवस थोड्या वेळाने गेटवर संदेश आला. “आपल्या खेळाची तपासणी पूर्ण झाली. गैरप्रकार आढळला नाही.”

फायनल रविवारी दुपारी होती. कार्यालयात लग्नाच्याच खुर्च्या होत्या, पांढऱ्या कापडाच्या. त्या भरल्या आणि पोरं भिंतींना टेकून उभी राहिली. त्यातल्या बहुतेकांची नावं मला माहीत होती, कारण ग्रुपवर त्या फोटोखाली कुणी काय लिहिलं ते मी पाठ केलं होतं.

स्टेजवर दोन्ही बाजूंना पाच-पाच कॉम्प्युटर आणि मधे मोठा पडदा. सरनोबतने येऊन हात मिळवला. “हळदीकुंकवाला आलो बघा.”

“बसा,” मी म्हणाले.

पहिल्या फेरीत निशाण लपवायचं आमच्याकडे होतं. मी कोठारात, मागच्या पोत्यांआड ठेवलं. सरनोबतची टीम दोन मिनिटं इकडे-तिकडे फिरल्यासारखं करून नेमकी कोठारावर आली. त्याच्या नावावर फेरी गेली. मला त्याच्या तोंडचं काही ऐकू येत नव्हतं, पण हॉल हसला नव्हता, ओरडला नव्हता. म्हणजे तो नुसतं ‘कोठार’ म्हणाला असणार.

तौफिकने हेडफोन अर्धा काढला. “सरळ आले, पद्मजा! कुणीतरी सांगितल्यासारखे आले!”

“दिसलं मला.”

“आणि तू तिथंच ठेवलंस! कोठारात कोण ठेवतं?”

“खेळ,” मी म्हणाले.

दुसऱ्या फेरीत लपवणारे ते होते. तौफिक रागाने खेळला आणि रागात तो फार चांगला खेळायचा. निशाण त्याने वरच्या बुरुजावरून उचलून आणलं. एक-एक. जोतिरामतात्यांना कंठ फुटला होता. “आता निकाली! आता चितपट! मंडळी, श्वास धरून बसा, सांगलीची लेक शड्डू ठोकून उभी हाय!”

शेवटच्या फेरीत निशाण पुन्हा आमच्याकडे आलं. टीमने विचारलं, कुठे? मी म्हणाले, मिरज जंक्शनखालच्या कोनाड्यात. तिथेच ठेवलं. मग मी एकटी भट्टीच्या समोरच्या भिंतीवर चढून बसले. आता माझ्या हातात काही नव्हतं. सरनोबतने तोंड आवरलं असतं, नुसता ‘भट्टी’ म्हणाला असता, तर तो हुशार खेळाडू आणि मी हरलेल्या टीमची कॅप्टन, एवढ्यावर मिटलं असतं. पट्टीवरून कुणाला फाशी देत नाहीत.

या वेळी त्यांनी फिरल्यासारखंही केलं नाही. पाचही जण रांगेने कोपऱ्याकडे धावत सुटले. मी पहिल्याला टिपलं. दुसऱ्याला टिपलं. गोळ्या कुठून येतायत ते त्यांना कळेना, ते भट्टीच्या तोंडाशी एकमेकांवर आदळले. आणि तेवढ्यात माझ्या हेडफोनच्या जाड गादीतूनही मला हॉल ऐकू आला. शंभर-दीडशे माणसं एकदम हसत होती.

मी एक कान मोकळा केला. स्पीकरवर सरनोबतचा आवाज दणाणत होता. “न्हाणीघरात! सगळे न्हाणीघरात शिरा! अरे निशाण न्हाणीघरातच हाय, गोदाक्काच्या!”

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. बाकीचं तौफिकने केलं. वेळ संपला, निशाण कोनाड्यातच होतं.

जोतिरामतात्या डोळे पुसत स्टेजच्या मधोमध आले. “मंडळी, आजवर लाल मातीत लई कुस्त्या बघितल्या, पण पाच गडी एकदम न्हाणीघरात शिरलेलं आज पहिल्यांदा बघितलं! सरनोबत पैलवान, या इकडं. हरला म्हणून मान कमी न्हाई. या.”

सरनोबत उठला. तो गोंधळला होता, पण अजून घाबरला नव्हता.

“एवढंच सांगा पैलवान. ही गोदाक्का कोण?”

हॉल पुन्हा हसला. सरनोबतही कसनुसं हसला. “काही नाही तात्या. ती चुन्याची भट्टी आहे ना, तिला आम्ही न्हाणीघर म्हणतो.”

“आपण कुठं म्हणतो?” त्याच्या टीममधला सर्वांत धाकटा खेळाडू आपल्या जागेवरून म्हणाला. ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. “आपण तर भट्टीच म्हणतोय. हे तू परवा सांगितलंस.”

मी उठून तात्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. “तात्या, मी बोलू?”

“बोल की लेकी. जिंकलीस तू.”

मी माईक घेतला आणि आमच्या टीमकडे वळले. “तौफिक, न्हाणीघर कुठंय?”

“कुठलं?” तो म्हणाला. “आमच्या घरचं मागच्या अंगाला आहे.”

हे शेवटचं हसू. ते ओसरू दिलं आणि मग मी हॉलकडे तोंड केलं.

“गोदाक्का माझ्या आजोबांची बहीण. भट्टीला तिचं नाव मी दिलं, आणि माझ्या टीमलासुद्धा सांगितलं नाही. ते मी फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं. माझ्या घरी, माझ्या खोलीत, माझ्या स्क्रीनवर, खेळाच्या खिडकीशेजारी. परवा गेटनं माझ्या स्क्रीनचा फोटो काढला आणि पंचांकडं पाठवला. आमच्या भागाचे पंच हे आहेत.”

“अंदाज होता,” सरनोबत म्हणाला. “नकाशा बघून—”

“गोदाक्काचा अंदाज?”

कुणी हसलं नाही. मागच्या भिंतीजवळून एक आवाज आला, “म्हणजे अख्खी स्क्रीन दिसते ह्याला?” दुसरा म्हणाला, “मग आमचीपण दिसत असणार की.” मग एकदम सगळं शांत झालं.

ती शांतता मला ओळखीची होती. घरी आई ताट ठेवून आत जायची, तेव्हा ती असायची. पण इथे ती दीडशे जणांच्या तोंडावर होती. प्रत्येक जण आठवत होता. आपली तपासणी कधी झाली होती, तेव्हा शेजारी काय उघडं होतं. पुढच्या रांगेतल्या एकाने नकळत खिशातला मोबाइल दाबून धरला. एकाने बायकोकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी त्या सगळ्यांकडे सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मी या हॉलमध्ये सरनोबत एकट्यासाठी आले नव्हते.

दादाचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. खुर्च्यांमधून कुणीतरी विचारलं, “मग तो श्रेणिकचा फोटो?”

सरनोबत आवाजाच्या दिशेने वळला. माईक माझ्या हातात होता, पण हॉल इतका गप्प होता की त्याची गरज नव्हती. “तो मी टाकला नाही,” तो म्हणाला. “आईशप्पथ. मी फक्त दोघांना दाखवला होता.”

म्हटल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं. त्याच्या टीममधल्या सुकुमारने डोकं खाली घातलं. त्याच्या शेजारच्याने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला.

जोतिरामतात्यांना काय घडलं ते नीट कळलं नसावं, पण आखाड्यात कुणाचा दम संपला हे त्यांना कळायचं. त्यांनी माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि बंद केला.

कंपनीने सरनोबतची ढाल काढून घेतली. मी पाठवलेल्या तक्रारीला उत्तर आलं, खेळाडूंच्या खाजगीपणाला आम्ही सर्वोच्च महत्त्व देतो. खाली नाव नव्हतं. काही पोरांनी गेट काढून टाकलं, म्हणजेच खेळ सोडला. बाकीची पूर्ण स्क्रीनवर खेळायला लागली. कॅफेत जाणं मात्र सगळ्यांनीच बंद केलं. सरनोबत एकदा मार्केट यार्डात दिसला. माझ्याशी बोलायला दोन पावलं आला, अण्णांना बघून परत फिरला.

सोमवारी सकाळी मी दादाला फोन केला. तो कट करायच्या आत म्हणाले, “सरनोबतनं माणसांसमोर कबूल केलं.”

“थांब, बाहेर येतो,” तो म्हणाला. त्याच्याकडे रस्त्याचा आवाज यायला लागला. मी सगळं सांगितलं, नकाशापासून तात्यांनी माईक बंद केला तिथपर्यंत.

“म्हणजे बसूनं टाकलं नव्हतं,” शेवटी तो म्हणाला.

“नाही.”

“त्याचं लग्न झालं, पद्मे. कळलं मला कुणाकडून तरी.”

पलीकडे बस गेल्याचा आवाज झाला, कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं. दादा रडत असेल असं मला वाटलं. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज कोरडा होता, आणि मी तो ओळखला, कारण वर्षभर माझाही तसाच होता.

“परत सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळे गप्प झाले म्हणालीस ना, तिथनं. कोण कोण होतं, कुणाची तोंडं कशी झाली. नावानिशी सांग. घाई करू नको.”

मी दाराला कडी घातली, पलंगावर बसले आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.